खेळाडू जोखताना आकडे की स्काउटची नजर? बेसबॉलच्या वादात या चुका टाळा

बेसबॉलमध्ये खेळाडूचे मोल आकडेवारीवरून ठरवावे की स्काउटच्या, म्हणजे संघासाठी हिंडून खेळाडू हेरणाऱ्याच्या, नजरेवरून, हा वाद जुना आहे. तो पुढे सरकत नाही याचे कारण बहुधा एकच असते: ज्या खेळाडूविषयी आपण बोलतो आहोत त्याच्याबद्दल कोणत्या प्रकारचा पुरावा किती जमला आहे, हे न पाहताच दोन्ही बाजू आपापला पक्ष धरून बसतात. पुढील चुका अमेरिकेतल्या मुरलेल्या चाहत्यांकडूनही होतात, त्यामुळे पहाटे उठून मेजर लीगचे, म्हणजे तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेचे, सामने पाहणाऱ्या आपल्याकडच्या प्रेक्षकांकडून त्या झाल्या तर नवल नाही.

ओकलंडची गोष्ट अर्धीच सांगणे

आकडेवारीचा कैवार घेणारा सर्वप्रथम २००२ च्या ओकलंड ॲथलेटिक्सचे नाव घेतो. सुमारे ४ कोटी डॉलरच्या वेतनखर्चात या संघाने १०३ सामने जिंकले, त्यांतले २० लागोपाठ. न्यूयॉर्क यांकीजचा खर्च याच्या तिपटीच्या घरात होता. सरव्यवस्थापक बिली बीन यांनी बॅटिंग ॲव्हरेजपेक्षा ऑन-बेस पर्सेंटेजला, म्हणजे हिट (बेसवर पोहोचवणारा फटका) असो वा वॉक (चार बाहेरच्या चेंडूंबद्दल मिळणारा फुकटचा बेस), फलंदाज बाद न होता बेसवर किती वेळा पोहोचतो याला महत्त्व दिले आणि इतरांनी दुर्लक्षिलेले खेळाडू स्वस्तात उचलले, हे खरेच आहे. मात्र त्याच संघाचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या व तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) मिगेल तेहादा त्या वर्षी अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एकाचा) सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि त्याला डॉमिनिकन रिपब्लिकमधून हेरले होते ते स्काउटांनी. त्या वयात तोलून पाहावी अशी आकडेवारी त्याच्या नावावर नव्हतीच. बॅरी झिटोला त्याच वर्षी सर्वोत्तम पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, साय यंग पुरस्कार मिळाला. तो, टिम हडसन आणि मार्क मल्डर हे तीन पिचर नसते, तर स्वस्तातल्या फलंदाजांच्या जोरावर १०३ विजय मिळाले असते असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

हे ऐकून स्काउटांची बाजू घेणाऱ्यांनी मिशीवर ताव मारण्याचेही कारण नाही. स्वतः बीन यांना १९८० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, न्यूयॉर्क मेट्सने पहिल्या फेरीत निवडले होते. वेग, ताकद, फेक आणि शरीरयष्टी या सगळ्यांत ते स्काउटांच्या पसंतीस उतरले होते, पण मेजर लीगमध्ये त्यांचे ॲव्हरेज .२१९ वर थांबले. उलट २००२ च्या ड्राफ्टमध्ये कॉलेजच्या आकड्यांवर भिस्त ठेवून ओकलंडने ३५ व्या क्रमांकावर घेतलेला कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा) जेरेमी ब्राउन मेजर लीगचे अवघे ५ सामने खेळला. एकाच संघाच्या इतिहासात दोन्ही बाजूंना पुरेल इतका दारूगोळा आहे, म्हणून वादात हे उदाहरण जितके कमी येईल तितके बरे.

खेळाडूचे वय आणि पुराव्याचे वजन न पाहणे

माझ्या मते ही सर्वांत मोठी चूक आहे. शाळेत खेळणाऱ्या १७ वर्षांच्या मुलाचे ॲव्हरेज .५०० असले तरी त्यावरून फारसे कळत नाही, कारण सामने थोडे असतात आणि समोरच्या पिचरांपैकी बहुतेक जण पुढे व्यावसायिक बेसबॉल खेळणार नसतात. पुढे मेजर लीगचा अव्वल खेळाडू ठरलेला माइक ट्राउट हा न्यू जर्सीचा. तिथल्या थंडीमुळे शाळांचा हंगाम लहान असतो आणि स्काउटांना मुलगा पाहायला मोजकेच दिवस मिळतात. २००९ च्या ड्राफ्टमध्ये त्याच्याआधी २४ जण निवडले गेले. त्याला निवडणाऱ्या एंजल्स संघाचे स्काउट ग्रेग मोरहार्ट त्याच्याविषयी ठाम होते, कारण ते त्याच्या वडिलांबरोबर मेजर लीगच्या खालच्या मायनर लीगमध्ये खेळलेले होते आणि त्या घराण्याची अंगकाठी व ताकद त्यांना जवळून ठाऊक होती. अशी माहिती कोणत्याही तक्त्यात सापडत नाही.

होसे अल्तुवेचे उदाहरण याहून बोलके आहे. व्हेनेझुएलातल्या ह्यूस्टन ॲस्ट्रोजच्या निवड शिबिरातून त्याला उंची कमी म्हणून घरी पाठवण्यात आले. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर झाला. त्याला पाहून संघाचे अल पेद्रिके यांनी त्याची बाजू लावून धरली आणि २००७ मध्ये १५,००० डॉलरवर, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्याच्याशी करार झाला. पाच फूट सहा इंचांचा हा खेळाडू २०१७ मध्ये अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. ही कथा ‘स्काउट कसे चुकतात’ याचा दाखला म्हणून सांगितली जाते, पण नाकारणारी नजर आणि निवडणारी नजर या दोन्ही माणसांच्याच होत्या; आकडेवारीचा तिथे संबंधच नव्हता. याउलट मेजर लीगमध्ये तीन हजार वेळा फलंदाजीला उतरलेल्या २८ वर्षांच्या खेळाडूबद्दल ‘त्याच्या खेळात जान वाटत नाही’ असे मत देणाऱ्याला थांबवून आधी नोंदी पाहायला सांगावे.

एप्रिलच्या आकड्यांवर निकाल देणे

क्रिकेटमधल्या सरासरीची सवय असलेल्यांनी लक्षात घ्यावे की बेसबॉलचे बॅटिंग ॲव्हरेज म्हणजे अधिकृत प्रयत्नांपैकी किती वेळा हिट मिळाला याचे प्रमाण. वीस प्रयत्नांत पाच हिट म्हणजे .२५० आणि सहा म्हणजे .३००, एक चेंडू दोन हात बाजूने गेला की सामान्य फलंदाज उत्तम ठरतो. फटक्यानंतर मैदानाच्या आत राहिलेल्या चेंडूंपैकी साधारण तीस टक्के चेंडूंवर हिट मिळतो. हंगामाच्या सुरुवातीला, एप्रिलमध्ये, एखाद्याचे हे प्रमाण चाळीस टक्के असेल, तर त्यात नशिबाचा वाटा मोठा आहे असे धरून चालावे. घाईने निष्कर्ष काढायचाच असेल तर स्ट्राइकआउटचे, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद होण्याचे, प्रमाण पाहावे, कारण ते ॲव्हरेजपेक्षा लवकर स्थिर होते. नजरेचेही तसेच आहे: दोन सामने पाहून आलेल्या स्काउटचा नमुना लहानच असतो.

‘वॉर’च्या दशांशांवर भांडणे

सहज मिळणाऱ्या पर्यायी खेळाडूच्या तुलनेत एखाद्याने संघाला किती विजय जास्त मिळवून दिले, हे सांगणारा ‘वॉर’ हा आकडा उपयोगी आहे, पण तो थेट मोजलेला नसून काढलेला आहे. बेसबॉल रेफरन्स हे संकेतस्थळ पिचरचा वॉर त्याने दिलेल्या धावांवरून काढते, तर फॅनग्राफ्स हे दुसरे संकेतस्थळ स्ट्राइकआउट, वॉक आणि होम रन (क्रिकेटच्या षटकारासारखा फटका) यांवर भर देते, त्यामुळे एकाच पिचरचे दोन आकडे दिसू शकतात. क्षेत्ररक्षणाचे माप तर एका हंगामात बरेच हेलकावे खाते. म्हणून ५.१ आणि ४.८ यांतील फरकावरून रात्र जागवू नये. २०१२ मध्ये अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू निवडताना मात्र गोष्ट वेगळी होती. मिगेल काब्रेराने १९६७ नंतरचा पहिला ट्रिपल क्राउन मिळवला होता, म्हणजे तीन आकड्यांत तो लीगमध्ये पहिला होता: ॲव्हरेज .३३०, होम रन ४४ आणि आरबीआय (आपल्या फलंदाजीतून संघाला मिळवून दिलेल्या धावा) १३९. तरीही ट्राउटचा वॉर दहाच्या वर, तर काब्रेराचा सातच्या आसपास होता. एवढी दरी दशांशांच्या गफलतीने पडत नाही. धावण्यातला आणि क्षेत्ररक्षणातला फरक तिच्यात उतरला होता. मतदारांनी काब्रेराला कौल दिला, आणि तो मला आजही पटत नाही.

आज मोजता येत नाही ते थोतांड मानणे

स्ट्राइक झोनच्या (ज्यातून गेलेला चेंडू फलंदाजाविरुद्ध स्ट्राइक धरला जातो त्या चौकटीच्या) कडेचा चेंडू हात न हलवता शांतपणे घेणारा कॅचर पंचांकडून स्ट्राइक मिळवून देतो, असे जुने प्रशिक्षक पिढ्यान्‌पिढ्या सांगत होते आणि आकडेवाले हसत होते. चेंडूचा मार्ग टिपणारे कॅमेरे मैदानांत बसल्यावर हे कौशल्य मोजता आले आणि हंगामाभरात त्याने बऱ्याच धावा वाचतात, असे दिसले. बॅटने अगदीच साधारण असलेल्या होसे मोलिनाला टॅम्पा बे रेजने पस्तिशी उलटल्यावर नियमित खेळवले ते याच कारणाने. उलटा धडाही आहे: यांकीजचा शॉर्टस्टॉप डेरेक जीटर याच्या क्षेत्ररक्षणाने डोळ्यांचे पारणे फिटत असे आणि त्याला क्षेत्ररक्षणाचे पाच गोल्ड ग्लव्ह पुरस्कार मिळाले, पण आवाक्याचे (किती दूरचे चेंडू गाठतो याचे) मोजमाप त्याला सातत्याने सरासरीहून बरेच खाली दाखवत राहिले.

नजर आणि आकडे जुळत नसतील तर काय तपासावे

स्काउटचा अहवाल म्हणजे निव्वळ मत नव्हे. २० ते ८० च्या पट्टीवर, ५० म्हणजे मेजर लीगची सरासरी असे धरून, प्रत्येक कौशल्याला आजचा आणि भविष्यातला असे दोन गुण दिलेले असतात. वादात लोक बहुतेकदा भविष्यातल्या गुणाची आजच्या आकड्यांशी तुलना करतात. आधी तेवढे दुरुस्त करावे. मग खेळाडू कोणत्या पातळीवर आणि त्या लीगच्या मानाने किती वयाचा आहे ते पाहावे. मैदानही पाहावे, कारण सुमारे १,६०० मीटर उंचीवरच्या डेन्व्हरमध्ये विरळ हवेमुळे चेंडू दूर जातो. तरीही मेळ बसत नसेल, तर खेळाडूने तंत्र बदलले आहे का, हे विचारावे.

ह्यूस्टनचा फलंदाज जे. डी. मार्टिनेझने २०१३ च्या हंगामानंतर आपला स्विंग मुळापासून बदलला. ह्यूस्टनने त्याचे जुने आकडे धरून ठेवले, वसंत ऋतूतल्या सराव सामन्यांत जेमतेम संधी दिली आणि मार्च २०१४ मध्ये त्याला मोकळे केले. डेट्रॉइटसाठी त्याच हंगामात त्याने .३१५ ॲव्हरेजने २३ होम रन मारले. ह्यूस्टन तेव्हा आकडेवारीसाठी नावाजलेला संघ होता. नवा स्विंग नीट पाहणारा एखादा स्काउट आणि नव्या स्विंगचे शे-दीडशे प्रयत्न, या दोन्ही गोष्टी त्याच्याविषयी निर्णय घेण्याआधी हव्या होत्या.