तुर्कस्तानच्या किनारी गावांत मासे खाताना या चुका टाळा

हर्णै किंवा मालवणच्या माणसाकडे जुलै महिन्यात कोणी ताज्या सुरमईची मागणी केली, तर तो हसेल. नारळी पौर्णिमेपर्यंत दर्या बंद असतो, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. तोच माणूस त्याच जुलैमध्ये बोद्रुम, कुशादासी किंवा फेथियेला उतरला, की हॉटेलाच्या दारातल्या बर्फावर मांडलेला प्रत्येक मासा पहाटेच्या जाळ्यातून आला असावा असे धरून चालतो आणि पहिली चूक तिथेच होते. तुर्कस्तानातही ट्रॉलर आणि पर्ससीन जाळ्यांच्या मोठ्या बोटींना साधारणपणे १५ एप्रिलपासून ३१ ऑगस्टपर्यंत मासेमारीची बंदी असते. म्हणजे पर्यटकांची गर्दी ज्या काळात सर्वांत जास्त असते, नेमक्या त्याच काळात मोठ्या बोटी धक्क्याला बांधलेल्या असतात. १ सप्टेंबरला ‘विरा बिस्मिल्लाह’ असा गजर करून त्या पुन्हा पाण्यात शिरतात आणि मगच बाजारात खऱ्या अर्थाने मासळी येते.

म्हणून तिथे जाताना ‘कोणत्या हॉटेलात खावे’ हा प्रश्न दुसरा ठेवावा. पहिला प्रश्न महिन्याचा आहे. सुदैवाने तो विचारण्यासाठी मराठी माणसाला फारशी तुर्की शिकावी लागत नाही, कारण फारसी-अरबीच्या वाटेने आपल्याकडे आलेले शब्द तिथेही थोड्या फरकाने बोलले जातात. मोसमाला ते ‘मेव्हसिम’ म्हणतात, ताज्याला ‘ताझे’, तराजूला ‘तेराझी’ आणि बिलाला ‘हेसाप’, म्हणजे आपला हिशेब. या चार शब्दांवर बहुतेक जेवण निभावते.

महिना न पाहता मासा मागणे

सप्टेंबर-ऑक्टोबर हा ‘पालामुत’चा काळ. हा सुरमईच्याच कुळातला, दाट आणि तेलकट मांसाचा मासा आहे. त्यामागून ‘ल्युफेर’ येतो, जो शरद ऋतूत काळ्या समुद्रातून बॉस्फरसमार्गे मार्मारा समुद्राकडे उतरतो आणि ज्याच्यावर इस्तंबूलकरांचा जीव आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी हा ‘हाम्सी’चा, म्हणजे आपल्या मांदेलीच्या नात्यातल्या इवल्या माशाचा हंगाम. ऑगस्टमध्ये त्राब्झोन किंवा रिझेला जाऊन हाम्सीचा आग्रह धरला, तर गोठवलेला माल मिळेल, किंवा वाढणारा प्रामाणिक असेल तर नकार मिळेल. अशा नकाराने नाराज होऊ नये, कारण ‘हा आत्ता नाही’ असे सांगणारी जागा बहुधा चांगली असते. उन्हाळ्यात जावेच लागले, तर लहान होड्यांच्या मासेमारीवर भर द्यावा. त्यांना बंदीच्या काळातही गळाने आणि ठरावीक जाळ्यांनी मासे धरता येतात, त्यामुळे ‘बार्बुन’सारखे लहान मासे आणि ऑक्टोपस मिळण्याची शक्यता राहते. चनाक्कले आणि गेलिबोलूकडे उन्हाळ्याच्या उत्तरार्धात ‘सार्दाल्या’ म्हणजे आपली तारली चांगली मिळते. तिथे ती द्राक्षाच्या पानात गुंडाळून निखाऱ्यावर भाजतात. पान करपते, आतली चरबी मात्र वाहून जात नाही.

‘ताझे मी?’, म्हणजे ताजा आहे का, हा प्रश्न विचारायला सोपा असला तरी एकट्याने काही कामाचा नाही, कारण त्याचे उत्तर जगात कुठेही ‘हो’ असेच येते. त्याऐवजी ‘मेव्हसिम बालिइ’, म्हणजे मोसमाचा मासा कोणता, असे विचारावे आणि ज्याचे नाव सांगितले जाईल त्याचे कल्ले पाहावेत. इस्तंबूलच्या कादिकोय बाजारात विक्रेते पालामुतचे कल्ले बाहेर ओढून उलटे मांडतात, त्यामुळे फळीवर लाल फुलांची रांग लावल्यासारखे दिसते. गिऱ्हाइकाने बोट लावण्याआधीच तो रंग साक्ष देतो. कल्ला तपकिरी पडला असेल आणि डोळा आत बसला असेल, तर पुढचे बोलणे नको.

पिंजऱ्यातला मासा दर्याच्या भावाने घेणे

एजियन आणि भूमध्य किनाऱ्यावरच्या मेन्यूत दोन नावे हमखास सापडतात, ‘लेव्रेक’ म्हणजे सी बास आणि ‘चिपुरा’ म्हणजे सी ब्रीम. हे दोन्ही मासे मुग्ला आणि इझमिर प्रांतांच्या किनाऱ्यालगत समुद्रात पिंजरे टाकून प्रचंड प्रमाणात वाढवले जातात आणि युरोपात निर्यातही होतात. वाढवलेला मासा खाणे ही चूक मुळीच नाही. तो स्वच्छ असतो, बाराही महिने मिळतो आणि नीट भाजला तर रुचकर लागतो. चूक आहे ती त्यासाठी दर्यात धरलेल्या माशाची किंमत मोजण्याची. म्हणून ‘देनिझ’ म्हणजे समुद्राचा की ‘चिफ्तलिक’ म्हणजे शेतीचा, हे स्पष्ट विचारावे. दोन्हींच्या भावांत मोठे अंतर असते आणि मेन्यूवर नुसते ‘लेव्रेक’ लिहिले असेल, तर तो वाढवलेलाच समजावा. आणखी एक खूण म्हणजे बर्फावरचे सगळे मासे एकाच साच्यातून काढल्यासारखे, एका ताटाच्या मापाचे असतील तर ते पिंजऱ्यातले असतात, कारण समुद्र इतकी शिस्त पाळत नाही. काळ्या समुद्राकडे ‘तुर्क सोमोनु’ या नावाने जो सामन मिळतो, तोदेखील सागरी पिंजऱ्यात मोठा केलेला ट्राउट आहे. नाव वाचून नॉर्वेची अपेक्षा धरू नये.

नावांचा घोळ इथे संपत नाही. ल्युफेर हा एकच मासा आकारानुसार नाव बदलतो. सर्वांत लहान पिल्लाला ‘देफ्ने याप्राइ’ म्हणजे तेजपानाच्या जातीचे पान म्हणतात, त्यापुढे ‘चिनेकोप’, मग ‘सारिकानात’, मग खरा ल्युफेर आणि सर्वांत मोठा तो ‘कोफाना’. चिनेकोप स्वस्त दिसला म्हणून ल्युफेर स्वस्त मिळाला असे समजू नये, आणि पिल्ले खाऊन उद्याचा मासा संपवण्यात भागीदारही होऊ नये. असाच एक गमतीचा सापळा काल्कानचा आहे. काल्कान नावाचे सुंदर गाव भूमध्य किनाऱ्यावर आहे आणि काल्कान नावाचा पसरट, महागडा मासाही आहे, पण त्या माशाचे प्रसिद्ध घर काळा समुद्र. काल्कानमध्ये बसून काल्कान मागवणारे पर्यटक त्यामुळे बरेच अंतर कापून आलेला मासा खात असतात.

पाण्यालगतचे टेबल पाहून बसणे

बोद्रुमजवळच्या ग्युम्युश्ल्युकमध्ये टेबले अक्षरशः लाटांना टेकलेली असतात. समोर तावशान बेट असते, पायाखाली प्राचीन मिंदोसचे अवशेष असतात आणि सूर्यास्ताला तिथे बसणे हा एक अनुभव आहे, यात शंका नाही. पण त्या टेबलाचे भाडे माशाच्या किमतीत मिसळलेले असते, हे जाणून बसावे. दारात उभा राहून हात धरून आत नेणारा माणूस ज्या गल्लीत प्रत्येक दाराशी असतो, त्या गल्लीत मी सहसा जेवत नाही. असा माणूस ठेवावा लागतो, कारण जेवून गेलेले गिऱ्हाईक परत येईल याची तिथे कोणाला खात्री नसते.

याच्या अगदी उलट व्यवस्था फेथियेच्या मासळी बाजारात पाहायला मिळते. चौकाच्या मध्यभागी मासेवाल्यांच्या फळ्या आणि सभोवती खाणावळी अशी तिथली रचना आहे. फळीवरचा मासा स्वतः निवडायचा, डोळ्यांदेखत तोलून घ्यायचा, साफ करून घ्यायचा आणि ज्या खाणावळीत बसायचे तिच्याकडे द्यायचा. ती माणशी ठरलेली रक्कम घेऊन मासा भाजून किंवा तळून आणते आणि सोबत कोशिंबीर व पाव देते. पहिल्यांदा जाणाऱ्यांची गफलत इथे एकच होते. शिजवण्याच्या रकमेत काय काय येते हे ते आधी विचारत नाहीत आणि पेये व मेझे, म्हणजे माशाआधी येणारे लहान बशांतले पदार्थ, यांचा वेगळा हिशेब पाहून दचकतात.

आयवालिक आणि त्याला जोडलेल्या जुंदा बेटावर जाऊन मोठा मासा मागवणे हाही मला अपव्यय वाटतो. तिथली खरी ओळख ‘पापालिना’ आहे. बोटभर लांबीचे हे मासे कुरकुरीत तळून येतात आणि काट्यासकट खायचे असतात. काळ्या समुद्राच्या गावांत हाम्सीसाठी दर्याकाठचे झगझगीत हॉटेल शोधण्यापेक्षा बाजारपेठेतली साधी ‘लोकांता’ गाठावी. तिथला आचारी मक्याच्या पिठात घोळवलेले हाम्सी शेपट्या मध्यभागी करून तव्यात चक्राकार रचतो, एक बाजू खरपूस झाली की झाकणीवर सगळे चक्र एकदम उलटतो आणि ते न मोडता पुन्हा तव्यात सरकवतो. मात्र अशा बऱ्याच खाणावळींत मद्य मिळत नाही. ज्यांना माशासोबत राकी हवी असेल त्यांनी बसण्यापूर्वी ‘इच्किली मी?’ असे विचारावे, नाहीतर ऑर्डर दिल्यावर उठण्याची वेळ येते.

इस्तंबूलमध्ये एमिनोन्युच्या धक्क्यावरचा ‘बालिक एकमेक’, म्हणजे पावात घातलेला भाजका मासा, जरूर खावा, पण तो पुलावरच्या गळकऱ्यांनी आत्ता धरला असेल या समजुतीने नव्हे. त्यातला बांगड्याच्या नात्यातला ‘उस्कुम्रु’ बहुतेक वेळा नॉर्वेहून गोठवून आलेला असतो. स्वस्तात पोट भरण्यासाठी तो उत्तम आहे, एवढेच त्याचे म्हणणे आहे.

तराजूकडे पाठ करणे

एजियन किनाऱ्यावरच्या एका गावात वाढप्याने आमच्यासमोर एक देखणा मासा थाळीवर धरला आणि ‘दोघांना पुरेल’ असे सांगितले. आम्ही मान डोलावली. बिलावर त्या माशाचे वजन एक किलो सातशे ग्रॅम निघाले. फसवणूक झाली असे म्हणता येणार नाही, कारण भाव किलोचा आहे हे फलकावर लिहिलेलेच होते. आम्हीच तो गुणिला नव्हता. तेव्हापासून मी मासा निवडल्यावर ‘तेराझी’ म्हणतो, वजन पाहतो आणि येणारी रक्कम कागदावर लिहून मागतो. वजन साफ करण्यापूर्वीचे धरतात की नंतरचे, तेही तिथेच विचारावे. एकट्या माणसाला साधारण चारशे ते सहाशे ग्रॅमचा अख्खा मासा पुरतो.

मेझेच्या बाबतीत हीच काळजी घ्यावी. वाढपी मोठे तबक भरून लहान बशा आणतो आणि ती सगळी मेजवानी फुकट असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात उचललेल्या प्रत्येक बशीचा दर वेगळा असतो. न मागता काही ठेवले गेले, तर ‘इक्राम मी?’, म्हणजे हॉटेलाकडून आहे का, असे विचारण्यात कसलाही संकोच नसावा. दोन माणसांना तीन मेझे पुष्कळ होतात. त्यात ‘देनिझ ब्योरुल्जेसि’ ही खाजण जमिनीत उगवणारी खारट भाजी ऑलिव्ह तेल आणि लसणीसह अवश्य घ्यावी, आणि पालामुतच्याच मोठ्या तुकड्यांची खारवलेली ‘लाकेर्दा’ दिसली तर तीही सोडू नये.

मसाल्याची वाट पाहणे मात्र व्यर्थ आहे. तिथला मासा मीठ, लिंबू, ऑलिव्ह तेल आणि निखारा एवढ्यावरच उभा असतो. त्यावर तिखट मागून घेतले, तर चव येण्याऐवजी माशाची चव जाते. कालवणाची फार आठवण झाली, तर टोमॅटोसह वाफवलेली ‘बुउलामा’ मागवावी. गंमत म्हणजे मासे आणि दही एकत्र खाल्ले की विषबाधा होते, ही समजूत तिथेही पक्की आहे. आपल्याकडच्या विरुद्ध आहाराच्या धाकाची ती सख्खी बहीण, आणि तरीही त्याच टेबलावर दह्याची ‘हायदारी’ दिमाखाने बसलेली असते.

शिंपले आणि ऊन

भात भरलेले शिंपले, म्हणजे ‘मिद्ये दोल्मा’, रस्त्याच्या कडेला उभ्याने खातात. विक्रेता शिंपला उघडतो, लिंबू पिळतो, हातात देतो आणि तुम्ही पुरे म्हणेपर्यंत देतच राहतो. पैसे शेवटी रिकाम्या शिंपल्या मोजून. शिंपले पाणी गाळून जगतात, त्यामुळे पाण्यातली घाणही त्यांच्यात साठते. म्हणून दुपारच्या उन्हात उघडे ठेवलेले तबक टाळावे आणि जिथे माल तासाभरात संपतो अशा गर्दीच्या ठिकाणीच संध्याकाळी खावेत. धक्क्याच्या खडकांवरून स्वतः काढून शिजवण्याचा प्रयोग अजिबात करू नये. भूमध्य किनाऱ्यावर गळ टाकण्याची हौस असेल, तर ‘बालोन बालिइ’ हा फुगणारा विषारी मासा ओळखून ठेवावा. शिजवल्यानेही त्याचे विष जात नाही आणि त्याच्या विक्रीवर तिथे बंदी आहे.

चूक झालीच तर

मासा पुढ्यात आला आणि त्याला अमोनियाचा दर्प येत असेल, तर अर्धा खाऊन तक्रार करू नये. पहिल्या घासालाच परत करावा, कारण रिकाम्या ताटावर वाद जिंकता येत नाही. बिल फुगलेले वाटल्यास आवाज चढवण्याआधी तपशीलवार ‘हेसाप’ आणि अधिकृत पावती, म्हणजे ‘फिश’, मागावी आणि लिहून घेतलेल्या वजनाशी ताडून पाहावी. बहुतेक ठिकाणी आकडा तिथेच दुरुस्त होतो. तरीही न मिटल्यास ग्राहकांसाठी १७५ आणि अन्नाच्या तक्रारींसाठी १७४ हे सरकारी दूरध्वनी क्रमांक आहेत. भाषेची अडचण असल्यास मुक्कामाच्या हॉटेलातल्या माणसाकडून फोन लावून घ्यावा. आणि सगळे सुरळीत पार पडले असेल, तर हिशेब मागण्याची घाई करू नये, कारण माशानंतर तिळाचा गरम हलवा खाण्याची तिथे जुनी रीत आहे आणि तो भट्टीतून यायला थोडा वेळ लागतो.