ओआरएस-झिंक केसपेपरवर असतं, बाळाच्या पोटात का नसतं? या चुका टाळा

पावसाळा सुरू झाला की प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडीत एक चित्र हमखास दिसतं. दीड वर्षाचं पोर, दोन दिवसांपासून पातळ संडास, आणि आईच्या पिशवीत कुठल्या तरी दवाखान्यातून आणलेली अँटिबायोटिकची बाटली. ओआरएस (पाण्यात मिसळून पाजायची मीठ-ग्लुकोजची पावडर) दिलं का, विचारलं तर उत्तर येतं, "दिलं होतं ओ, पण जुलाब काही थांबले नाहीत." ओआरएससोबत द्यायच्या झिंकच्या गोळ्यांचं नाव तर तिने ऐकलेलंच नसतं.

ज्या उपचाराबद्दल संशोधनात शंका उरलेली नाही, त्याची ही गत आहे. १९७१ साली बांगलादेश युद्धातले निर्वासित पश्चिम बंगालमधल्या बनगावला येऊन थडकले, कॉलऱ्याची साथ पसरली आणि सलाईनच्या बाटल्या संपल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोजचं पाणी ड्रममध्ये भरून ठेवलं आणि नातेवाइकांनीच ते रुग्णांना पाजलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. २००४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी कमी क्षारांचं सुधारित ओआरएस आणि सोबत झिंक, अशी संयुक्त शिफारस केली. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, जुलाब झालेल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ६०.६ टक्के मुलांनाच ओआरएस मिळालं होतं. झिंक मिळालेली मुलं ३०.५ टक्के होती.

मी अशा केंद्रात काम केलं आहे आणि पुढे कर्मचाऱ्यांना प्रशिक्षणंही दिली आहेत. यातल्या बहुतेक चुका मी जवळून पाहिल्या, काही स्वतः केल्या.

परिपत्रक पोचलं म्हणजे पद्धत बदलली, असं मानणं

ओआरएस-झिंक द्या असं परिपत्रक येतं, मासिक बैठकीत वाचून दाखवलं जातं, सह्या होतात, फाइलला लागतं. त्यानंतर त्या ओपीडीत सोमवारी सकाळी नेमकं काय वेगळं घडणार, हे कुणी ठरवलेलं नसतं. झिंक कोण देणार, डॉक्टर की औषध निर्माण अधिकारी? १४ दिवसांच्या गोळ्या एकदम देणार की चार दिवसांच्या देऊन "संपल्या की या" म्हणणार? मिसळून कोण दाखवणार, आणि कुठे? एका केंद्रात मी पाहिलं, ओआरएस कॉर्नरचा, म्हणजे ते पाणी करून दाखवायच्या जागेचा, बोर्ड सुंदर रंगवलेला होता. त्याखालच्या टेबलावर रजिस्टरांचा ढीग होता. एक लिटरचं भांडं मात्र कुठेच नव्हतं.

म्हणून परिपत्रक वाचून झाल्यावर बैठक संपवू नका. नावं लिहा: हे काम या व्यक्तीचं, या टेबलावर, या वेळी. दहा मिनिटं लागतात.

दुखणं न ओळखता औषध देणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. कुठे काही अडलं की आपला पहिला उपाय ठरलेला: आणखी एक प्रशिक्षण. समोरच्याला माहीत नाही, असं आपण गृहीतच धरतो.

२०२४ साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेला एक अभ्यास मी आता प्रत्येक प्रशिक्षणात सांगतो. कर्नाटक आणि बिहारमधल्या दोन हजारांहून अधिक खासगी डॉक्टरांकडे प्रशिक्षित माणसं जुलाब झालेल्या मुलाचे पालक बनून गेली. काहींनी स्वतःहून ओआरएसची इच्छा दाखवली, काहींनी अँटिबायोटिकची, काही गप्प राहिले. काही डॉक्टरांना आधीच ओआरएसचा मुबलक साठा पुरवलेला होता. ओआरएस न देण्यामागे साठा नसणं हे कारण निघालं फक्त ६ टक्के, आणि महाग औषधातून मिळणारा पैसा ५ टक्के. सगळ्यात मोठं कारण, ४२ टक्के, हे होतं की पालकांना ओआरएस नकोच असतं असा डॉक्टरांचा समज. पालकाने नुसती इच्छा दाखवली तरी ओआरएस मिळण्याचं प्रमाण २७ टक्क्यांच्या फरकाने वाढलं.

इथे डॉक्टरांना पुन्हा एकदा ओआरएसचे फायदे शिकवून काय साधणार होतं? ते त्यांना माहीतच होते. उपाय आईच्या तोंडी एक वाक्य देण्यात होता: "डॉक्टर, ओआरएस आणि झिंक द्या." हे वाक्य आशाताई गृहभेटीत शिकवू शकते, फुकट.

पण तुमच्या तालुक्यात कारण वेगळं असू शकतं. ते शोधायला मोठा अभ्यास लागत नाही. गेल्या महिन्यातले जुलाबाचे वीस केसपेपर काढा. झिंक लिहिलेलंच नसेल तर अडचण लिहिणाऱ्याच्या सवयीत किंवा समजात आहे. लिहिलंय पण स्टॉक रजिस्टरमध्ये खर्ची पडलेलं नाही, तर औषधाच्या खिडकीवर जा; इंडेंट, म्हणजे साठ्याची मागणी, वेळेवर गेला होता का, ते पाहा. दिलंय, पण घरी गोळ्या तशाच पडून आहेत, तर बोलण्यात कमतरता राहिली आहे. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि प्रशिक्षण फार तर त्यातल्या एकाचा.

आईची अपेक्षा एक, आपलं औषध दुसरं

आईला जुलाब थांबायला हवे असतात. ओआरएस जुलाब थांबवत नाही, शरीरातून गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढतं. आतड्यात ग्लुकोज शोषलं जाताना सोबत मीठ आणि पाणी ओढून नेतं, एवढंच त्यामागचं तत्त्व. हे आपण सांगत नाही, मग दुसऱ्या दिवशीही संडास पातळ दिसली की तिच्या लेखी औषध वाया गेलेलं असतं. तिची यात काही चूक नाही. "जुलाब अजून दोन-तीन दिवस राहतील, पण बाळ सुकणार नाही" हे वाक्य पाकिटासोबतच द्यायचं असतं.

झिंकचं उलटं. जुलाब चौथ्या दिवशी थांबतात आणि गोळीही थांबते. पूर्ण १४ दिवस दिलं तर पुढचे दोन-तीन महिने पुन्हा जुलाब होण्याची शक्यता कमी होते, हे सांगितलं तरच उरलेल्या दहा गोळ्यांना अर्थ येतो. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी गोळी, त्यापुढे एक, चमचाभर आईच्या दुधात किंवा उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवून. बाळ सुस्त झालं, पिणं सोडलं किंवा शौचात रक्त दिसलं, तर घरी थांबायचं नाही, हेही त्याच वेळी सांगायचं.

आणि मिसळणं. एक लिटरच्या पाकिटातली चिमूटभर पावडर पेल्यात टाकून देणाऱ्या आया मी कितीतरी पाहिल्या आहेत. त्यांना कुणी करून दाखवलेलंच नव्हतं. लिटर म्हणजे तिच्या घरातलं कुठलं भांडं, हे तिला दाखवायला सांगा. तयार पाणी २४ तासांनी ओतून द्यायचं.

सांगणाऱ्याचाच विश्वास नसणं

बांगलादेशात ब्रॅक संस्थेने १९८० ते १९९० या काळात सुमारे सव्वा कोटी घरांत जाऊन आयांना मीठ-गुळाचं पाणी करायला शिकवलं. सुरुवातीला शिकलेल्या आयाही ते वापरत नव्हत्या. खोलात गेल्यावर कळलं की शिकवणाऱ्यांपैकी अनेक जणी स्वतःच्या घरी हे पाणी वापरतच नव्हत्या, औषधंच घेत होत्या. मग त्यांना उपचार प्रत्यक्ष दाखवले गेले. मेहनतानाही किती घरं केली यावर न ठेवता, आईला किती आठवतं आणि तिने बनवलेलं पाणी बरोबर आहे का, यावर ठरू लागला. पुढे घरातल्या पुरुषांनाही सांगायला सुरुवात झाली.

आपल्याकडे मी कर्मचाऱ्यांना हा प्रश्न बंद खोलीत विचारतो: तुमच्या स्वतःच्या मुलाला गेल्या वेळी जुलाब झाले तेव्हा काय दिलंत? खोली थोडा वेळ शांत होते. खरी चर्चा तिथून सुरू होते. रागावू नका, ऐका.

लवकर हात काढून घेणं

उत्तर प्रदेशातल्या १२० सरकारी केंद्रांत सुरक्षित बाळंतपणाच्या चेकलिस्टचा मोठा अभ्यास झाला, निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. सिस्टरच्या शेजारी उभं राहून शिकवणारे मार्गदर्शक होते, तेव्हा दोन महिन्यांत आवश्यक कृतींचं प्रमाण ७२.८ टक्क्यांवर गेलं. तुलनेच्या केंद्रांत ते ४१.७ होतं. मार्गदर्शकांच्या भेटी थांबल्यानंतर, बाराव्या महिन्यात, ते ६१.७ वर उतरलं. आणि माता-बालमृत्यूंत फरक पडला नाही. कृती सुधारल्या तरी जीव वाचायला तेवढं पुरलं नाही, हे त्या संशोधकांनी प्रामाणिकपणे मांडलं. आपल्या अहवालांत असं वाक्य दिसत नाही, आणि मला ते फार खटकतं.

अतिसार नियंत्रण मोहिमेनंतर आपण वाटलेल्या पाकिटांचा आकडा वर पाठवतो. तो खरा असतो, पण त्यातून बाळाच्या पोटात काय गेलं ते कळत नाही. म्हणून मोहीम संपून दोन महिने झाले, सगळे पुढच्या मोहिमेला लागले, की आशाताईंच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक ताईंना पाच घरांत पाठवा. नुकतेच जुलाब होऊन गेलेलं मूल आहे असं घर निवडायचं. आईला विचारायचं, "झिंकच्या गोळ्यांची पट्टी दाखवता का?" पट्टीत किती गोळ्या उरल्यात, तेवढ्या मोजून आणायच्या.