सांगलीचा पूर लिहायचा असेल तर

आधी साल पक्कं करा. २००५ आणि २०१९चे पूर आठवणीत हमखास एकमेकांत मिसळतात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. इतिहासात आकडा फुटांतच द्या. कादंबरीत मात्र पायऱ्या मोजा: ‘तिसरी पायरी बुडाली’ म्हटलं की पाणी दिसतं. आठवणी लिहिताना ऐकीव गोष्ट स्वतःची म्हणून खपवू नका, शेजारी जिवंत असतात!

हळदीचं पेव दाखवायचंय? हळद साठवायचा जमिनीतला खोल खड्डा, तोंड अरुंद, पोट मोठं. उघडल्या उघडल्या कुणी आत उतरत नाही; हवा कोंडलेली असते, माणूस गुदमरतो. आणि २०१९च्या कथेत सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं भरलेली दाखवलीत, तर सांगलीकर पुस्तक तिथंच मिटेल. २००५च्या पुरानंच त्या पेवांची वाट लावली होती.