सदिश अवकाशाचा आधार निवडताना या चुका टाळा

रेषीय बीजगणिताचा पहिला अभ्यासक्रम संपला की आधार ही संकल्पना आपल्याला समजली, असे बहुतेक विद्यार्थ्यांना वाटते, आणि व्याख्येपुरते ते खरेही असते. जो संच रेषीयदृष्ट्या स्वतंत्र आहे आणि ज्याच्या रेषीय संयोगांतून अवकाशातला प्रत्येक सदिश मिळतो, तो त्या अवकाशाचा आधार. वर्गात आपण त्यालाच बेसिस म्हणतो. अडचण येते ती पुढे, प्रकल्प किंवा प्रबंध लिहिताना. 'एक आधार घेऊ' हे तीन शब्द हातून सहज लिहिले जातात, आणि सिद्धता अडली की तिची चूक पुष्कळदा त्या तीन शब्दांतच सापडते. विद्यार्थ्यांच्या सिद्धता तपासताना ज्या चुका मला वारंवार दिसतात, त्यांपैकी काहींचा येथे विचार केला आहे. काही चुका दोन वाक्यांत दुरुस्त होतात, तर काहींसाठी थोडे थांबावे लागते.

क्षेत्र कोणते, हे न सांगणे

सदिश स्वतंत्र आहेत की नाहीत, हे केवळ सदिशांवर ठरत नाही. गुणक कोणत्या क्षेत्रातून (म्हणजे ज्यात बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि शून्येतर संख्येने भागाकार करता येतो अशा कोणत्या संख्यासंचातून) घ्यायचे, यावरही ते अवलंबून असते. १ आणि √२ या दोन संख्या वास्तव संख्यांच्या क्षेत्रावर परावलंबी आहेत, परंतु परिमेय संख्यांच्या क्षेत्रावर त्या स्वतंत्र आहेत, कारण √२ अपरिमेय आहे. संमिश्र संख्यांच्या अवकाशाची मिती (आधारातल्या सदिशांची संख्या) संमिश्र क्षेत्रावर १, वास्तव क्षेत्रावर २ आणि परिमेय क्षेत्रावर अनंत असते. हे सर्वांना पाठ असते, तरीही लिहिताना क्षेत्राचा उल्लेख गाळला जातो.

याची किंमत कोठे मोजावी लागते, हे पाहण्यासाठी (१, १, ०), (०, १, १) आणि (१, ०, १) हे तीन सदिश घ्या. त्यांचा निश्चयक २ येतो, म्हणून वास्तव क्षेत्रावर ते स्वतंत्र आहेत आणि त्रिमितीय अवकाशाचा आधार होतात. मात्र ज्या क्षेत्रात ० आणि १ हे दोनच घटक आहेत, तेथे २ म्हणजे शून्य; तिघांची बेरीज केली की प्रत्येक स्थानी १ + १ = ० मिळते आणि स्वातंत्र्य संपते. संचयशास्त्रातल्या एका प्रसिद्ध प्रश्नाचे उत्तर नेमके या दोन घटकांच्या क्षेत्रावर उभे आहे. एका गावात 'न' इतकी माणसे आहेत, प्रत्येक मंडळाची सभासदसंख्या विषम आहे आणि कोणत्याही दोन मंडळांच्या सामाईक सभासदांची संख्या सम आहे. तर मंडळे जास्तीत जास्त किती? प्रत्येक मंडळासाठी ० आणि १ यांचा एक सदिश लिहिला, तर या क्षेत्रात त्याचा स्वतःशी अदिश गुणाकार १ येतो आणि इतर सदिशांशी ० येतो. त्यामुळे सर्व सदिश स्वतंत्र ठरतात आणि मंडळे 'न'पेक्षा जास्त असूच शकत नाहीत. हाच युक्तिवाद सवयीने वास्तव क्षेत्रावर लिहिणारे विद्यार्थी तिसऱ्या ओळीवर अडतात, कारण तेथे सामाईक सभासदांची संख्या सम असते, शून्य असतेच असे नाही. सिद्धता अडली की पहिला प्रश्न हाच विचारावा: मी कोणत्या क्षेत्रावर काम करत आहे आणि प्रश्नातली सम-विषमता त्या क्षेत्राला दिसते का?

उपअवकाशाचा आधार मूळ आधारातून उचलणे

प्रतलाचा नेहमीचा आधार (१, ०) आणि (०, १) आहे. क्ष = य ही रेषा त्या प्रतलाचा उपअवकाश आहे, परंतु या दोहोंपैकी एकही सदिश तिच्यावर नाही. तरीही 'अवकाशाचा आधार घेऊ आणि त्यातले जे सदिश उपअवकाशात आहेत, ते उपअवकाशाचा आधार होतील' हे विधान मी चांगल्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत पाहिले आहे. दिशा उलटी हवी: आधी उपअवकाशाचा आधार निवडावा आणि मग तो वाढवत संपूर्ण अवकाशाचा आधार करावा.

याच समजुतीतून आणखी एक चूक जन्माला येते. दोन उपअवकाशांच्या बेरजेच्या मितीचे सूत्र (दोन्ही मितींची बेरीज वजा छेदाची मिती) बरोबर असते, म्हणून तिघांसाठीही संचांसारखेच सूत्र चालेल असे गृहीत धरले जाते. प्रतलातल्या, आरंभबिंदूतून जाणाऱ्या तीन वेगवेगळ्या रेषा घ्या. कोणत्याही दोघींचा छेद शून्य मितीचा असतो, म्हणून ते सूत्र बेरजेची मिती ३ सांगते. पण प्रतल तर दोनच मितींचे आहे. तिन्ही रेषांना एकाच वेळी सोयीचा असा आधार अस्तित्वातच नसतो, हे या गफलतीचे मूळ आहे.

फलनांचे स्वातंत्र्य चुकीच्या कसोटीवर तपासणे

रॉन्स्कियन (फलने आणि त्यांची विकलजे, म्हणजे डेरिव्हेटिव्ह, यांचा निश्चयक) शून्य आला म्हणजे फलने परावलंबी, असे सरसकट लिहू नये. क्ष² आणि क्ष|क्ष| या दोन फलनांचा रॉन्स्कियन सर्वत्र शून्य आहे. तरी क्ष = १ आणि क्ष = −१ या दोन किमती ठेवल्या, तर दोन्ही गुणक शून्य असल्याचे लगेच निघते, म्हणजे फलने स्वतंत्र आहेत. हे उदाहरण पेआनोने १८८९ मध्येच दिले होते. शंका आली की बिंदू निवडून किमती ठेवून पाहणे, हा साधा उपाय पुष्कळदा पुरतो.

अनंत मितीत सांत आणि अनंत बेरजांची सरमिसळ

ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक आहे. व्याख्येतला रेषीय संयोग नेहमी सांत असतो. सर्व वास्तव क्रमिकांचा अवकाश घेतला, तर (१, ०, ०, …), (०, १, ०, …) इत्यादी सदिश त्याचा आधार नाहीत. (१, १, १, …) ही क्रमिका त्यांच्यापैकी सांत सदिशांच्या बेरजेतून मिळत नाही. अनंत बेरीज हवी असेल, तर अभिसरणाचा अर्थ आधी सांगावा लागतो आणि त्यासाठी अवकाशावर काहीतरी जास्तीची रचना लागते.

म्हणूनच संशोधनात दोन वेगळी नावे वापरली जातात. सांत बेरजांचा तो हॅमेल आधार; हॅमेलने १९०५ मध्ये वास्तव संख्यांचा परिमेय क्षेत्रावरचा आधार वापरून फ(क्ष + य) = फ(क्ष) + फ(य) या समीकरणाची विचित्र, असंतत उत्तरे दाखवली. अभिसारी अनंत बेरजांचा तो शाउडर आधार, जो १९२७ मध्ये आला. हिल्बर्ट अवकाशातला (अदिश गुणाकार असलेल्या पूर्ण अवकाशातला) लंबसंमित, म्हणजे परस्परलंब एकक सदिशांचा, आधार दुसऱ्या जातीचा आहे. अनंत मितीत तो हॅमेल आधार कधीच नसतो. बेअरच्या प्रमेयावरून असेही निघते की, अनंतमितीय बानाख अवकाशाचा (ज्यात सदिशांची लांबी मोजता येते आणि प्रत्येक कोशी क्रमिका अभिसारी असते, त्याचा) हॅमेल आधार गणनीय असू शकत नाही. शाउडर आधाराचे अस्तित्वही गृहीत धरता येत नाही. प्रत्येक विभाज्य (ज्यात एखादा गणनीय संच सर्वत्र दाट पसरलेला असतो अशा) बानाख अवकाशाला तो असतो का, या प्रश्नाचे 'नाही' हे उत्तर पेर एन्फ्लोने दिले आणि ते १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्याशी निगडित एका प्रश्नासाठी माझूरने १९३६ मध्ये जिवंत हंसाचे बक्षीस लावले होते आणि ते त्याने एन्फ्लोला खरोखर दिले.

हॅमेल आधाराबाबत आणखी एक सवय सोडण्यासारखी आहे: गरज नसताना तो बोलावणे. प्रत्येक सदिश अवकाशाला आधार असतो, हे विधान निवडीच्या गृहीतकावर (अरिक्त संचांच्या कोणत्याही समूहातल्या प्रत्येक संचातून एकेक घटक निवडता येतो, यावर) उभे आहे. इतकेच नव्हे, तर ब्लासने १९८४ मध्ये सिद्ध केले की त्या विधानातून निवडीचे गृहीतक परत मिळते. इतके जड साधन वापरण्याआधी ते लागते का, हे पाहावे. डेनचे १९०३ चे प्रमेय घ्या: १ आणि √२ बाजूंच्या आयताचे सांत संख्येच्या चौरसांत विभाजन करता येत नाही. याची सिद्धता पुष्कळ जण 'वास्तव संख्यांचा हॅमेल आधार घेऊ' अशी सुरू करतात. ते चूक नाही, पण अनावश्यक आहे.

असे विभाजन आहे असे समजू. सर्व चौरसांच्या कडा मोठ्या आयताच्या कडांपर्यंत वाढवल्या की एक जाळी तयार होते. त्या जाळीतल्या लहान खंडांच्या लांब्यांची संख्या सांत आहे. त्यांनी परिमेय क्षेत्रावर निर्माण केलेल्या अवकाशाला 'व' म्हणू. 'व' सांतमितीय आहे आणि १ आणि √२ त्यात आहेत. ते स्वतंत्र असल्याने त्यांना वाढवून 'व'चा आधार करता येतो, आणि येथे निवडीचे कोणतेही गृहीतक लागत नाही. आता फ हे रेषीय फलन असे घ्या की फ(१) = १, फ(√२) = −१ आणि उरलेल्या आधार-सदिशांवर फ शून्य. अ आणि ब बाजूंच्या प्रत्येक आयताला फ(अ)फ(ब) ही संख्या द्या. जाळीमुळे ही संख्या क्षेत्रफळासारखीच बेरजेत जुळते. मोठ्या आयताला −१ मिळतो. प्रत्येक चौरसाला फ(अ)², म्हणजे ऋण नसलेली संख्या मिळते. ऋण नसलेल्या संख्यांची बेरीज −१ होऊ शकत नाही. सिद्धता पूर्ण झाली, आणि आधार फक्त सांतमितीय अवकाशाचा लागला. ही सिद्धता प्रत्येकाने एकदा स्वतः कागदावर लिहून पाहावी, असे मला मनापासून वाटते. आधार निवडणे ही औपचारिकता नसून सिद्धतेचा गाभा असू शकते, हे तिच्याइतके स्वच्छ क्वचितच दिसते.

निर्देशक बदलताना मॅट्रिक्स उलटी लावणे

नवा आधार (२, १) आणि (१, १) आहे. हे सदिश स्तंभांत लिहून मॅट्रिक्स तयार केली आणि (३, २) या सदिशाला तिने गुणले, तर (८, ५) मिळते. नवे निर्देशक म्हणून ते लिहिणे चूक आहे. (३, २) ही त्या दोन सदिशांची सरळ बेरीज आहे, म्हणून नवे निर्देशक (१, १) आहेत आणि ते व्यस्त मॅट्रिक्सने मिळतात. कोणती मॅट्रिक्स कोठे लावायची, याचा गोंधळ सूत्र पाठ करून जात नाही. नव्या आधारातलाच पहिला सदिश घेऊन त्याचे निर्देशक (१, ०) येतात का, हे पाहिले की तो संपतो. आधारातला क्रमही लिहून ठेवावा, कारण क्रम बदलला की निर्देशक बदलतात.

आधारावर अवलंबून असलेली गोष्ट आधाराविना अर्थपूर्ण आहे असे समजणे, ही याच घराण्यातली चूक. (क्ष, य) ला (य, ०) कडे नेणाऱ्या रूपांतरणाच्या मॅट्रिक्समधील सर्व घटकांची बेरीज १ आहे. आधारातला दुसरा सदिश दुप्पट केला की ती २ होते. कर्णावरच्या घटकांची बेरीज मात्र दोन्ही वेळा शून्यच राहते. नवी राशी मांडताना आधार बदलून ती टिकते का, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

संगणकावर विश्वास ठेवण्याआधी

० ते १ या अंतरालावर १, क्ष, क्ष², …, क्ष⁹ हा दहा बहुपदींचा आधार कागदावर निर्दोष आहे. लघुतम वर्ग पद्धतीने सर्वांत जवळची बहुपदी काढायला गेलो की हिल्बर्ट मॅट्रिक्स समोर येते, आणि १०×१० आकाराला तिचा अवस्थांक (चुका किती पट वाढू शकतात ते सांगणारी संख्या) सुमारे १.६ × १०¹³ आहे. नेहमीच्या दुहेरी अचूकतेत सुमारे १६ अंक असतात. त्यांपैकी तेरा या आधाराच्या वाईट निवडीपायी जाऊ शकतात. आकार आणखी वाढवला, की जिची कोटी (स्वतंत्र स्तंभांची संख्या) पूर्ण आहे अशा मॅट्रिक्सची कोटी संगणक कमी सांगतो. येथे आज्ञावलीत चूक शोधण्यात दिवस घालवू नयेत. लजांद्र बहुपदींसारखा लंब आधार घ्यावा. नेमकी कोटी हवी असेल, तर परिमेय अंकगणित वापरावे. पूर्णांकी मॅट्रिक्सची कोटी एखाद्या मूळ संख्येच्या शेषावर काढली, तर ती खऱ्या कोटीपेक्षा कमी येऊ शकते, जास्त कधीच नाही. वरचा निश्चयक २ असलेला नमुना आठवावा.

क्षेत्राऐवजी वलय आल्यावर

वलयात भागाकार नेहमीच करता येतो असे नाही. गुणक पूर्णांक असतील, तर २ आणि ३ मिळून सर्व पूर्णांक निर्माण करतात आणि दोहोंपैकी एकही वगळता येत नाही; तरी ३·२ − २·३ = ० असल्याने ते स्वतंत्र नाहीत. सदिश अवकाशात लघुतम निर्माणसंच हा आधारच असतो, येथे नाही. बुखबर्गरने १९६५ मध्ये मांडलेल्या ग्रोबनर आधारांच्या नावातही आधार आहे, पण ते आदर्शाचे (वलयातल्या कोणत्याही घटकाने गुणले किंवा आपसांत बेरीज केली तरी आतच राहणाऱ्या उपसंचाचे) निर्माणसंच आहेत. त्यांच्याकडून स्वातंत्र्याची अपेक्षा ठेवू नये.

कोणताही आधार चालेल, असे मानणे

मिती मोजण्यासाठी कोणताही आधार चालतो, परंतु संशोधनात प्रश्न बहुधा मितीच्या पलीकडचा असतो. क्ष(क्ष − १)/२ ही बहुपदी प्रत्येक पूर्णांकाला पूर्णांकच देते, पण १, क्ष, क्ष² या आधारात तिचे गुणक अपूर्णांक दिसतात. १, क्ष, क्ष(क्ष − १)/२ आणि पुढचे द्विपद गुणांक यांचा आधार घेतला, की पूर्णांकी किमतींची बहुपदी म्हणजे पूर्णांकी गुणकांची बहुपदी, इतके सोपे उत्तर मिळते.

याच विचाराचे मोठे रूप मुंबईत घडले. हॉजने १९४३ मध्ये ग्रासमानियनच्या (दिलेल्या मितीच्या सर्व उपअवकाशांच्या संचाच्या) निर्देशक वलयासाठी प्रमाणित एकपदींचा सुस्पष्ट आधार दिला होता. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९७० च्या दशकात सी. एस. शेषाद्री यांनी, लक्ष्मीबाई आणि मुसिली यांच्यासह, तो विचार अधिक व्यापक ध्वज-प्रकारांकडे (एकात एक बसणाऱ्या उपअवकाशांच्या साखळ्यांच्या संचांकडे) नेला. या आधाराचे वैशिष्ट्य उपअवकाशाच्या वरच्या चुकीशी थेट भिडते. ग्रासमानियनमधल्या कोणत्याही शुबर्ट प्रकारावर (ठरावीक उपअवकाशांशी छेदाच्या अटी पाळणाऱ्या उपअवकाशांच्या भागावर) मर्यादा घातली, की काही प्रमाणित एकपदी तेथे शून्य होतात आणि उरलेल्या त्या शुबर्ट प्रकाराच्या वलयाचा आधार होतात. जी गोष्ट मनाला येईल त्या आधाराकडून होत नाही, ती येथे सर्व शुबर्ट प्रकारांसाठी एकाच वेळी होते.