पाहुण्यांच्या नावावरून वाद पेटला तर समारंभ कसा निभवावा

रात्री साडेनऊला कॉलेजच्या ऑफिसात आम्ही तिघं डिंकाची बाटली घेऊन बसलो होतो. सहाशे निमंत्रणपत्रिका छापून आल्या होत्या आणि प्रत्येकीवर प्रमुख पाहुण्यांच्या नावावर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवायची होती. कागद पातळ होता. ट्यूबलाइटखाली पत्रिका धरली की खालचं नाव स्वच्छ वाचता यायचं. पाहुणे कोल्हापूरचे, सीमाप्रश्नावर उघड लिहिणारे. कुणीतरी संस्थेकडे तक्रार केली, संस्थाचालक घाबरले, आणि 'येऊ नका' म्हणून सांगणारा फोन मी केला. पलीकडून ते एवढंच म्हणाले, "सर, मी मुलांना गावातल्या वाचनालयाबद्दल सांगणार होतो."

त्यानंतर अकरा वर्षं कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या त्या कॉलेजात मी समारंभ समितीवर होतो. राज्यशास्त्र शिकवत होतो, आता निवृत्त आहे. त्या अकरा वर्षांत पाहुण्यांवरून तीनदा वाद झाला, पण दिलेलं निमंत्रण आम्ही परत घेतलं नाही. सीमाभागात ज्यांच्या गळ्यात हे काम पडतं त्यांच्यासाठी लिहितो आहे.

सगळ्यात आधी व्याख्यान आणि पदवीचा समारंभ यांतला फरक समितीत बोलून घ्या. व्याख्यानाला येणारा आपणहून येतो, प्रश्न विचारतो, कंटाळला तर उठून जातो. ग्रॅज्युएशन डेला मुलीचं नाव पुकारतील म्हणून भातकापणी टाकून आलेला बाप मागच्या खुर्चीवर बसलेला असतो. तो उठून जाऊ शकत नाही आणि पाहुण्यांना उलट विचारूही शकत नाही. म्हणून ज्यांची भूमिका तिखट आहे त्यांना जरूर बोलवा, पण आधी व्याख्यानाला बोलवा, प्रश्नोत्तरांना एक तास ठेवून. हे मी भीतीपोटी सांगत नाही. तिखट बोलणाऱ्या माणसाशी मुलांना वाद घालता आला पाहिजे, आणि पदवीच्या मंचावर तो घालता येत नाही.

शाल-श्रीफळाचंही तसंच. बोलायला बोलावणं वेगळं, सन्मान करणं वेगळं. अमेरिकेत २०१४ साली ब्रँडाइस विद्यापीठाने इस्लामवर कठोर टीका करणाऱ्या लेखिका अयान हिरसी अली यांना देऊ केलेली मानद पदवी वादानंतर मागे घेतली, आणि चर्चेसाठी मात्र आमचं दार उघडं आहे असं सांगितलं. हा फरक त्यांनी पदवी जाहीर करण्याआधी केला असता तर कुणाचा अपमान झाला नसता.

नावं सुचवायच्या आधी निकष लिहून काढा. आमचे तीनच होते: मुलांच्या कामाचं काही सांगू शकणारा माणूस, निवडणुकीला उभा नसलेला, आणि मराठी, कन्नड किंवा दोन्हींत बोलणारा. समितीत मराठी आणि कन्नड दोन्ही विभागांचे शिक्षक घ्या, शेवटच्या वर्षाची दोन मुलं घ्या, आणि त्यांतली एक मुलगी असू द्या. नाव निघालं की तिथेच विचारा, "याला विरोध कोण करेल, आणि कशासाठी?" उत्तर प्रोसिडिंगमध्ये लिहा. विरोध होईल म्हणून नाव खोडायचं असेल तर याच बैठकीत खोडा. पत्र गेल्यावर खोडायचं नाही. पट्टीच्या रात्रीपासून मी या एका नियमावर अडून बसत आलो.

मोठ्या माणसांच्या नावावरही वाद होतो, हे मुलांना सांगा. बेळगावात मार्च २०११ मध्ये विश्व कन्नड संमेलन भरलं. उद्घाटक होते इन्फोसिसचे नारायण मूर्ती. इंग्रजी माध्यमाची बाजू घेणारा माणूस कन्नडच्या संमेलनाला कशाला, म्हणून काही कन्नड लेखकांनीच हरकत घेतली. हरकत वर्तमानपत्रांत गाजली आणि उद्घाटनही मूर्तींच्याच हस्ते झालं. आपल्याकडच्या मराठी पोरांना वाटतं की हे फक्त आपल्याच वाट्याला येतं. ही गोष्ट मी त्यांना दरवर्षी सांगायचो.

तारखेचं थोडक्यात सांगतो. १ नोव्हेंबर टाळा. एका बाजूला कर्नाटकचा राज्योत्सव, दुसऱ्या बाजूला सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिवस. १७ जानेवारी आणि १ जून हे सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादनाचे दिवस, तेही टाळा. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असेल तर बंदोबस्तामुळे पोलिस ठाण्यात तुमचा परवानगीचा अर्ज बघायला माणूस मिळणार नाही. अर्जासोबत पाहुण्यांचं नाव, विषय आणि वेळ द्या. पाहुणे महाराष्ट्रातून येणार असतील तर सीमेवर कोगनोळी किंवा शिनोळीला तुमचा एक माणूस गाडी घेऊन उभा ठेवा. मंचामागच्या फलकावर कन्नड आणि मराठी दोन्ही घ्या आणि कर्नाटकचं नाडगीत (राज्यगीत) पूर्ण म्हणा. यात आपलं काही कमी होत नाही, आणि ज्याला निमित्तच हवं असतं त्याच्या हाती निमित्त लागत नाही.

आता प्रत्यक्ष वादाकडे येतो. पत्रिका वाटल्या, दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर पाहुण्यांचं दहा वर्षांपूर्वीचं एखादं वाक्य फिरायला लागलं. पहिलं काम म्हणजे ग्रुपवर उत्तर द्यायचं नाही. ते वाक्य मूळ कुठे आहे ते शोधून आख्खं भाषण वाचा. मग हरकत घेणाऱ्यांना चहाला बोलवा आणि हरकत लेखी मागा. लिहायला बसलं की माणूस आपल्याला नेमकं काय खुपतं ते शोधतो. एका वर्षी आम्ही एका कन्नड कवींना बोलावलं होतं. "हा आमच्या भाषेचा शत्रू" म्हणत चौदा मुलं आली होती. लिहून आणा म्हटल्यावर कागदावर आलं ते असं: "त्यांनी मराठी शाळांबद्दल जे म्हटलं, त्याचा खुलासा करावा." याला उत्तर देता येतं. आम्ही तो कागद कवींना जसाच्या तसा पाठवला. पाहुण्यांपासून विरोध लपवू नका. त्यांना तो दारात कळला तर आपण त्यांना फसवल्यासारखं होतं.

मात्र माफी मागा, अमुक बोला, तमुक बोलू नका, अशा अटी पाहुण्यांवर कुणालाही घालू देऊ नका. २०१४ साली अमेरिकेतल्या हॅवरफर्ड कॉलेजात बर्कली विद्यापीठाचे माजी चान्सलर रॉबर्ट बर्जनो येणार होते. बर्कलीत आंदोलक विद्यार्थ्यांवर पोलिसांनी बळ वापरलं होतं, म्हणून काही मुलांनी नऊ अटींचं पत्र लिहिलं. बर्जनो यांनी येणंच रद्द केलं. समारंभाला बोललेले विल्यम बोवेन हे प्रिन्स्टनचे माजी अध्यक्ष. त्यांनी मुलांनाही सुनावलं आणि बर्जनोंनाही, आणि हा कॉलेजचा पराभव आहे असं स्पष्ट सांगितलं. मला वाटतं त्या मुलांचा राग खरा होता. पोलिसांच्या लाठ्या आम्हीही पाहिल्या आहेत. पण ज्याला जाब विचारायचा तोच आला नाही, तर राग कुणापुढे मांडणार?

विरोध कसा करता येईल हे आधी ठरवून विरोध करणाऱ्यांना लेखी द्या. आमच्या कागदावर होतं ते असं. दंडाला काळी फीत चालेल. फाटकाबाहेर फलक चालतील. भाषण सुरू होताना गुपचूप उठून बाहेर जाणं चालेल, आणि परत येताना कुणी हटकणार नाही. घोषणा, माईक ओढणं, कुणाचं नाव पुकारलं जात असताना आवाज करणं चालणार नाही. विद्यार्थी प्रतिनिधीला पाहुण्यांच्या आधी तीन मिनिटं बोलायला मिळतील. २०१७ साली अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठात तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स बोलायला उभे राहिले तेव्हा शंभराच्या आसपास पदवीधर आपल्या घरच्यांसह शांतपणे उठून गेले. भाषण झालं, निषेधही झाला आणि इतरांच्या पदव्यांना धक्का लागला नाही.

पोलिसांचा किंवा संस्थेचा फोन शेवटच्या संध्याकाळी येतो. 'नाव काढा' एवढंच तोंडी सांगितलं तर "साहेब, लेखी द्या, आम्ही पाळू" असं नम्रपणे म्हणा. आमच्याकडे दोनदा असं झालं आणि दोन्हीदा लेखी आलंच नाही. लेखी आलं तर मात्र पाळा, आणि कार्यक्रम का रद्द झाला ते मंचावरून सांगा. पट्टी चिकटवू नका.

कवींच्या समारंभाचं सांगायचं राहिलं. चौदांपैकी नऊ मुलं फीत बांधून पुढच्या दोन रांगांत बसली. त्यांचा प्रतिनिधी तीन मिनिटांऐवजी पाच मिनिटं बोलला, मी घंटी वाजवली नाही. कवी उठले आणि कन्नडमधून म्हणाले की मराठी शाळा बंद करा असं मी म्हटलेलं नाही, गावच्या शाळेत दोन्ही भाषा नीट शिकवा असं म्हटलं होतं. शेवटच्या वर्षाची एक मुलगी त्यांच्या शेजारी उभी राहून वाक्यावाक्याला मराठी करत होती. एका शब्दाला ती अडली. फीत बांधलेल्या पोरांपैकी एकाने खालून तो शब्द सांगितला. त्याची आई कन्नड होती, हे मला त्या दिवशी कळलं. दुभाष्या हवाच, आणि तो बाहेरून आणू नका, मुलांतूनच उभा करा.

फिती शेवटपर्यंत कुणी सोडल्या नाहीत, आणि कुणी सोडाव्यात अशी माझी अपेक्षाही नव्हती. चहाच्या वेळी त्यांतल्या दोघांनी कवींना आणखी दोन प्रश्न विचारले. उत्तर त्यांना पटलं नाही.

समारंभानंतर आभाराचं पत्र पाहुण्यांना पाठवा, तसंच हरकत घेणाऱ्या मुलांनाही पाठवा. हरकतींचे कागद, पोलिसांकडचा अर्ज, नियमांचा कागद असं सगळं एका फायलीत लावून पुढच्या समितीच्या हाती द्या, नाहीतर दरवर्षी तोच घोळ नव्याने होतो. आमची फाईल ऑफिसच्या कपाटात दुसऱ्या खणात आहे. तिच्यात पहिलं पान म्हणून पट्टी चिकटवलेली एक पत्रिका आहे. ते पान काढू नका, एवढं नव्या सरांना सांगून आलो आहे.