प्रॅक्टिकलच्या आदल्या आठवड्यात: काचसामान धुण्याची तयारी

दुसऱ्या पीयूसीची, म्हणजे कर्नाटकातल्या बारावीची, केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल परीक्षा आठवड्यावर आली की आधी काच धुवायची नाही, आधी वेगळी करायची. प्रत्येक भांडं उजेडाकडे धरा आणि विचारा, यात शेवटचं काय होतं? उत्तर मिळेपर्यंत पाणी लावू नका. बेळगावच्या लॅबमध्ये इतकी वर्षं काढल्यावर नव्या अटेंडरला आणि मदतीला येणाऱ्या बीएस्सीच्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच सांगतो. साबण सगळ्यांनाच माहीत असतो; डाग कशाचा आहे हे ओळखणं शिकावं लागतं.

चष्मा, सुती एप्रन, नायट्रिलचे हातमोजे आणि पाय झाकणारे बूट असल्याशिवाय सिंकपाशी उभं राहायचं नाही. खिडक्या उघड्या ठेवा. सिंक कडप्प्याचं असेल तर तळाला रबरी मॅट घाला किंवा प्लास्टिकच्या टबात धुवा, कारण दगडावर टेकली की ब्युरेटची (खाली तोटी असलेल्या मापाच्या लांब नळीची) चोच उडतेच. आणि फेसाच्या पाण्यात काच बुडवून सोडून कधीच जाऊ नका. एकदा तशा टबात मी हात घातला, तळाशी फुटलेली टेस्ट ट्यूब होती, तळव्याला चार टाके पडले. तेव्हापासून एक भांडं हातात, ते पूर्ण झालं की दुसरं. तडा गेलेलं, काठ उडालेलं भांडं धुवायचंच नाही; ते थेट फुटक्या काचेच्या खोक्यात, आणि खोक्यावर मराठीत आणि कन्नडात दोन्हीकडे लिहायचं, म्हणजे कचरा उचलणाऱ्या बाईंचा हात कापणार नाही.

भाषेचं निघालं म्हणून सांगतो. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या तपासा. ‘आम्ल’ हा शब्द आपल्याकडे दोन्ही भाषांत एकच, तिथं घोळ नाही. पण ‘क्षार’ म्हटलं की मराठी पोराच्या डोक्यात मीठ किंवा लवण येतं आणि कन्नड पोराच्या डोक्यात अल्कली. धुण्याच्या टेबलावर असा गोंधळ नको. चिठ्ठीवर पदार्थाचं पूर्ण नाव आणि सूत्र लिहा: सोडियम हायड्रॉक्साइड, बस्स.

आता डाग. पोटॅशियम परमँगनेटच्या ब्युरेटला आतून तपकिरी थर चढतो, तो मँगनीज डायऑक्साइडचा. ब्रशनं घासून जात नाही. शंभर मिली पाण्यात पाच ग्रॅम ऑक्झॅलिक आम्ल, त्यात थोडं विरल सल्फ्युरिक आम्ल, हे कोमट करून आत फिरवलं की काच डोळ्यांदेखत निवळते. ऑक्झॅलिक आम्ल स्वतः विषारी आहे, म्हणून हातमोजे काढायचे नाहीत. आयोडीनचा पिवळा डाग हायपोच्या (सोडियम थायोसल्फेटच्या) पाण्यानं जातो. फेहलिंगच्या चाचणीत धरणारा तांब्याच्या ऑक्साइडचा लाल थर आणि लोखंडाचा गंज विरल हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळतो. आपल्याकडे बऱ्याच कॉलेजांत बोअरचं पाणी, आणि ते जड. त्यानं काचेवर जो पांढरा पापुद्रा धरतो त्यालाही हेच आम्ल पुरतं. आम्ल विरल करताना ते पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही.

चांदीच्या आरशाची टेस्ट ट्यूब मात्र त्याच तासाला हाताळायची. हा आरसा ज्यानं धरतो ते टॉलेन्सचं द्रावण (अमोनियातलं सिल्व्हर नायट्रेट) रात्रभर राहिलं तर त्यात स्फोटक चांदी संयुग तयार होऊ शकतं. उरलेलं द्रावण लगेच विरल आम्लानं आम्लधर्मी करा, मग भिंतीचा आरसा विरल नायट्रिक आम्लानं काढा. तपकिरी वाफ येऊ शकते, म्हणून फ्यूम हूडमध्ये, म्हणजे वाफ बाहेर खेचणाऱ्या कपाटात. नायट्रिक आम्लाच्या जवळपास ॲसिटोन नको, स्पिरिट नको. ब्लीचिंगचं पाणी आणि आम्ल तर एका सिंकमध्येसुद्धा नको, क्लोरीन सुटतो.

क्रोमिक आम्ल कुणी सुचवलं तर नको म्हणा. काच त्यानं चकाकते हे खरं, पण त्यातला सहासंयुजी क्रोमियम कर्करोग घडवतो आणि सिंकमधून जातो कुठे? आपल्या शहराचं सांडपाणी घेऊन बळ्ळारी नाला शेतशिवारातून पुढे जातो. त्या शिवारात भात पिकतो. शिसं, क्रोमियम, चांदी, बेरियम असलेलं पहिलं धुवण मी वेगळ्या कॅनमध्ये भरून ठेवतो, आणि यात मी कुणाचं ऐकत नाही.

साबणानंतर नळाचं भरपूर पाणी, मग डिस्टिल्ड वॉटर. डिस्टिल्ड वॉटर एकदम ओतून संपवू नका. भांड्याला एक मिली चिकटून राहतं असं धरा: तीस मिलीनं एकदा खळबळलं तर आधीच्या द्रावणाचा एकतिसावा भाग उरतो, दहा-दहा मिलीनं तीनदा खळबळलं तर तेराशे एकतिसावा. पाणी तेवढंच. काच स्वच्छ झाली की नाही, हे ती पालथी धरून पाहा: पाण्याचा सलग पापुद्रा उतरला तर ठीक, थेंब तुटून चिकटले तर अजून तेलकटपणा आहे.

पन्नास मिलीच्या ब्युरेटची काचेची तोटी सोडियम हायड्रॉक्साइड आत राहिलं तर कायमची बसते. काम झालं की लगेच तोटी काढा, धुवा, मध्ये कागदाची पट्टी घाला. प्रत्येक काचेची तोटी तिच्याच ब्युरेटला बसते, म्हणून दोऱ्यानं बांधून ठेवा. ब्युरेट, पिपेट, मापाचा फ्लास्क ओव्हनमध्ये वाळवायचा नाही. उष्णतेनं माप बिघडू शकतं. स्टँडला उलटं, तोटी उघडी, रात्रभर. गरम काचेवर थंड पाणीही नको. कोनिकल फ्लास्क ओला राहिला तरी चालतो. त्यात पिपेटनं मोजून घातलेलं द्रावण पाणी मिसळलं म्हणून कमी होत नाही. ब्युरेट आणि पिपेट मात्र सकाळी भरायच्या द्रावणानंच दोनदा खळबळून घ्यायची.

आदल्या संध्याकाळी ट्रे लावताना प्रत्येक बॅचला दोन जादा टेस्ट ट्यूब आणि एक जादा पिपेट ठेवा. पिपेटला द्रावण ओढायचा रबरी बल्ब लावलेला असू दे, तोंडानं ओढणं बंद. आणि फुटक्या काचेचं खोकं रिकामं करून ठेवा, पहिल्या तासालाच लागतं.