युरोपला मशीन पाठवायचंय? सीईची तयारी ड्रॉइंगपासून

भोसरी, चाकण, सातपूर, शिरोली, कुठूनही युरोपला मशीन जायचं ठरलं की पहिला फोन असतो "सीई सर्टिफिकेट कोण काढून देतं". म्हणून आधी हेच सांगतो, सीई म्हणजे मशीन युरोपियन युनियनच्या नियमांत बसतं असं सांगणारी खूण, आणि बहुतेक मशिनांना सीई कुणी देत नाही, ते बनवणाऱ्यानेच जाहीर करायचं असतं, स्वतःच्या सहीने आणि स्वतःच्या जबाबदारीवर. एजंटकडून चकचकीत सर्टिफिकेट विकत घेतलं म्हणून ती जबाबदारी त्याच्याकडे जात नाही. आणि सीईचं स्टिकर हे सगळ्यात शेवटचं काम, त्याच्या आधीचं सगळं नीट असेल तरच त्याला अर्थ आहे.

उदाहरणाला पाउच पॅकिंग मशीन घेऊया, मसाले भरणारं, वरून फिल्म येते, गरम जॉ (फिल्म दाबून चिकटवणाऱ्या पट्ट्या) सील मारतात, ब्लेड कापतं, आणि पार्टी जर्मनीची. आता सगळ्यात आधी कुठले कायदे लागतात ते ठरवा. मशीन म्हणून मशिनरी डायरेक्टिव्ह (युरोपियन युनियनचा मशिनांचा कायदा) २००६/४२, पॅनल आणि ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं उपकरण) आहे म्हणून ईएमसीचं, म्हणजे विद्युतचुंबकीय अडथळ्याचं, २०१४/३०, आणि मसाला ज्या पार्टना लागतो त्यांना अन्नसंपर्काचा नियम १९३५/२००४. लो व्होल्टेजचं २०१४/३५ डिक्लेरेशनमध्ये (आपण सही करायच्या त्या जाहीरनाम्यात) वेगळं टाकायची सवय बऱ्याच जणांना आहे, पण मशीन मशिनरी डायरेक्टिव्हमध्ये आलं की इलेक्ट्रिकल सेफ्टी त्यातूनच धरतात, ते वेगळं लिहायचं नसतं. मग मशिनरी डायरेक्टिव्हचं चौथं परिशिष्ट उघडून बघा आपलं मशीन तिथे आहे का. हाताने जॉब लावायच्या मेटल प्रेस, लाकडाच्या गोल करवती, हाताने भरायची इंजेक्शन मोल्डिंग असली मशिनं त्यात आहेत आणि त्यांचा मार्ग वेगळा आहे, तिथे नोटिफाइड बॉडीचा, म्हणजे तपासणीचा अधिकार दिलेल्या बाहेरच्या संस्थेचा, विषय येतो. ती बॉडी खरी आहे का, तिला आपल्या प्रकारच्या मशीनचा अधिकार आहे का, हे युरोपियन कमिशनच्या नँडो यादीत दिसतं, पैसे भरायच्या आधी तिथे बघाच. आपलं पाउच मशीन त्या परिशिष्टात नाही, म्हणजे काम आपल्यालाच करायचंय.

आता रिस्क असेसमेंट, म्हणजे धोके शोधून तोलणं, आणि इथे मी थांबून बोलणार कारण अख्खं सीई यावर उभं आहे. मशीन तयार झालं, पेंट झालं, ट्रायल झाली आणि मग डिस्पॅचच्या आठवड्यात कुणीतरी एक्सेल भरतं, त्याला रिस्क असेसमेंट म्हणत नाहीत. ड्रॉइंग टेबलावर असतानाच ईएन आयएसओ १२१०० हे स्टँडर्ड घेऊन बसा, सोबत डिझाइनवाला, पॅनलवाला आणि मुख्य म्हणजे जो फिटर साइटवर जाऊन मशीन चालू करून देतो तो, कारण कुठे हात घालावा लागतो ते त्याला जेवढं माहीत असतं तेवढं ऑफिसात कुणाला नसतं. फक्त मशीन चालू असतानाचा विचार करू नका, फिल्म रोल बदलताना काय होतं, जॉवर चिकटलेलं प्लास्टिक काढताना काय होतं, धुताना, ब्लेड बदलताना, अडकलेला पाउच ओढताना काय होतं, एकेक काम घेऊन लिहा. जॉमध्ये बोट चेमटणं, भाजणं, ब्लेड लागणं, रोलरमध्ये हात ओढला जाणं हे तर आहेच. प्रत्येक धोक्याला उत्तर द्यायचं तेही ठरलेल्या क्रमाने, आधी डिझाइन बदलून धोकाच घालवता येतो का, नाही तर गार्ड किंवा सेफ्टी डिव्हाइस, आणि एवढं करून जे उरलं त्याच्यासाठीच इशाऱ्याचं स्टिकर आणि मॅन्युअलमधली सूचना. "हात घालू नये" असा बोर्ड लावून गार्ड वाचवता येत नाही, आणि वाचवूही नये, तिकडे त्या मशीनवर उभा राहणाराही कुणाच्या तरी घरचा माणूसच आहे.

गार्डचं माप अंदाजाने घेऊ नका, ईएन आयएसओ १३८५७ मध्ये टेबल आहे. उदाहरणार्थ फट १२ ते २० मिलिमीटरची असेल तर आतला धोका कमीत कमी १२० मिलिमीटर लांब हवा. ठरलेल्या जागचे गार्ड फक्त टूल लावूनच निघतील असे हवेत, आणि त्यांचे स्क्रू गार्ड काढल्यावर गार्डलाच किंवा मशीनलाच अडकून राहतील असे, हा बारीक मुद्दा हमखास सुटतो. उघडणाऱ्या दाराला इंटरलॉक (दार उघडलं की मशीन थांबवणारी सोय), आणि इथे आपल्याकडची जुनी सवय मोडावी लागते, दाराचा स्विच साध्या पीएलसीच्या (मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या कंट्रोलरच्या) इनपुटला आणून प्रोग्रॅममध्ये स्टॉप मारला की झालं असं नाही चालत. ईएन आयएसओ १३८४९-१ प्रमाणे इजा किती गंभीर, माणूस किती वेळा तिथे जातो आणि त्याला वाचायची संधी आहे का, या तीन प्रश्नांवरून लागणारी परफॉर्मन्स लेव्हल, म्हणजे सेफ्टी सर्किट किती भरवशाचं हवं ती पातळी, काढायची, ए पासून ई पर्यंत, आणि मग सेफ्टी रिले, दोन चॅनल वगैरे त्याप्रमाणे ठरवायचं आणि हिशोब टेक्निकल फाइलला लावायचा. इमर्जन्सी स्टॉप लाल बटण पिवळ्या बॅकग्राउंडवर, पण तो आहे म्हणून गार्ड काढला असं कधीच नाही.

पॅनलसाठी ईएन ६०२०४-१. वायरमनला वायरिंगच्या आधी रंग लिहून द्या, अर्थिंग हिरवं-पिवळं, न्यूट्रल फिकट निळा, पॉवर काळी, एसी कंट्रोल लाल, डीसी कंट्रोल निळी, नाहीतर तो सवयीने लाल-पिवळा-निळा आणि काळा न्यूट्रल करून मोकळा होतो आणि सगळं उसवावं लागतं. मेन आयसोलेटरला (मुख्य वीज तोडणाऱ्या स्विचला) कुलूप लागलं पाहिजे. अर्थिंगची कंटिन्युइटी आणि ५०० व्होल्ट डीसीवर इन्सुलेशन टेस्ट, रीडिंग किमान १ मेगाओहम, रिपोर्टवर मशीनचा सिरियल नंबर आणि तारीख. ईएमसी टेस्ट ड्राइव्हमुळे फेल होण्याची शक्यता जास्त, म्हणून फिल्टर आणि शील्डेड केबल आधीच धरा, लॅबमध्ये गेल्यावर नको. आणि हो, मोटरला सीई, ड्राइव्हला सीई, पीएलसीला सीई, म्हणून मशीनला आपोआप सीई होत नाही, त्या सगळ्यांची डिक्लेरेशन गोळा जरूर करा पण ती फाइलमधली फक्त काही पानं आहेत.

आवाज मोजा. ऑपरेटरच्या जागी ७० डेसिबल ए च्या वर असेल तर आकडा मॅन्युअलमध्ये द्यावा लागतो, नसेल तर ७० च्या वर नाही असं लिहावं लागतं. ८० च्या वर गेला तर साउंड पॉवर लेव्हलही लागते.

मॅन्युअल जर्मनीला जर्मनमध्ये, पोलंडला पोलिशमध्ये, म्हणजे जिथे मशीन चालणार तिथल्या अधिकृत भाषेत, आणि सोबत मूळ भाषेतलं मॅन्युअलही. "मूळ सूचना" किंवा "मूळ सूचनांचा अनुवाद" असं कव्हरवर लिहायचं असतं. भाषांतराला वेळ आणि पैसा दोन्ही लागतो, तो कोटेशनमध्येच धरा, नंतर पार्टीकडे मागताना अवघड होतं.

टेक्निकल फाइलमध्ये ड्रॉइंग, सर्किट, रिस्क असेसमेंट, वापरलेल्या स्टँडर्डची यादी, टेस्ट रिपोर्ट, मॅन्युअल, डिक्लेरेशनची कॉपी. शेवटचं मशीन बनल्यापासून किमान १० वर्षं ठेवायची, आणि तिकडच्या अधिकाऱ्यांनी मागितली तर देता आली पाहिजे, त्यामुळे डिझाइनरच्या लॅपटॉपवर एकच कॉपी हे धोक्याचं आहे, माणूस नोकरी सोडतो आणि फाइल जाते. फाइल गोळा करून देणारी एक व्यक्ती किंवा कंपनी युरोपियन युनियनमध्येच लागते, तिचं नाव-पत्ता डिक्लेरेशनमध्ये येतो. शिवाय १६ जुलै २०२१ पासून २०१९/१०२० नियमाने मशिनांसाठी तिकडे जबाबदार ऑपरेटर (मशीन चालवणारा नव्हे, कायद्याला उत्तर देणारी कंपनी किंवा व्यक्ती) हवा, इम्पोर्टर किंवा लेखी नेमलेला प्रतिनिधी. बहुतेक वेळा इम्पोर्टरच असतो, पण त्याला हे माहीत आहे आणि त्याने मान्य केलंय, हे मेलवर घ्या. तो स्वतःच्या नावाचं लेबल लावून विकणार असेल तर उत्पादकाची जबाबदारी त्याच्यावर जाते, हेही ऑर्डरच्या वेळीच स्पष्ट बोला.

डिक्लेरेशनमध्ये कंपनीचं नाव-पत्ता, मॉडेल, सिरियल नंबर, डायरेक्टिव्ह, स्टँडर्ड, जागा, तारीख, सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा. सही करणाऱ्याने फाइल वाचलेली असावी असं मला मनापासून वाटतं, मालक असला तरी. नेमप्लेटवर नाव, पूर्ण पत्ता, मशीनचं नाव, सीरिज, सिरियल नंबर आणि बनल्याचं वर्ष. जुनं पडून असलेलं मशीन असेल तर वर्ष पुढचं टाकू नका, ते सरळ मना आहे. सीईची उंची किमान ५ मिलिमीटर, अक्षरांचं प्रमाण ठरलेलं आहे, पुसलं जाणार नाही असं आणि नावाच्या शेजारीच. आणि मशीन एकट्याने चालणारच नसेल, दुसऱ्या लाइनमध्ये बसवायचं अर्धवट युनिट असेल, तर सीई लावायचाच नाही, त्याला इन्कॉर्पोरेशनचं डिक्लेरेशन आणि जोडणीच्या सूचना लागतात.

शेवटची गोष्ट आत्ताच कॅलेंडरवर लिहा, २० जानेवारी २०२७ पासून २००६/४२ जाऊन नवा मशिनरी रेग्युलेशन २०२३/१२३० लागू होतोय. त्यात मॅन्युअल डिजिटल देता येतं पण खरेदीच्या वेळी कागदावर मागितलं तर द्यावं लागतं, सेफ्टीच्या कंट्रोलमध्ये बाहेरून कुणी छेडछाड करू नये याचा विचार करावा लागतो, रिमोट सपोर्टसाठी मॉडेम लावणाऱ्यांनी हे नीट बघा, आणि डिक्लेरेशनचा नमुनाही बदलतो. त्या सुमाराला जाणारी ऑर्डर असेल तर आपल्या गेटमधून मशीन निघाल्याची तारीख धरून बसू नका, युरोपच्या बाजारात ते कधी येतंय ते इम्पोर्टरसोबत बसून ठरवा आणि कागद त्याप्रमाणे करा.